विम्यातून कंपनीचीच काच: क्लेम नेमका कुठे अडतो आणि कसा सोडवायचा

उसाचा हंगाम सुरू झाला की काचेच्या क्लेमचे फोन वाढतात. पुण्याहून येताना मोहोळच्या आसपास डंपरच्या चाकातून खडा उडतो, टक्कन आवाज होतो आणि काचेवर शेंगदाण्याएवढी खूण उमटते. दोन दिवस काही होत नाही. मग दुपारच्या उन्हात उभी असलेली गाडी चालू करून कुणीतरी एसी जोरात लावतं आणि खुणेपासून हातभर तडा पसरतो. क्लेम टाकला जातो, मंजूर होतो, काचही बसते. मग लक्षात येतं की जुन्या काचेच्या कोपऱ्यात गाडीच्या कंपनीचा लोगो होता आणि नव्या काचेवर तो नाही. "ताई, इन्शुरन्स फुल आहे, झिरो डेप पण घेतलंय, तरी ही लोकल काच कशी काय बसवली ओ?"

सोलापुरात गाड्यांच्या विम्याचं काम करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मुद्दा एकच आहे: कंपनीची, म्हणजे गाडीच्या कंपनीची काच मिळते, पण ती काच मागवण्याच्या आधी, एस्टिमेटच्या कागदावर मिळवायची असते. काच बसल्यावर भांडायला हातात फारसं काही उरत नाही.

पॉलिसीत काय लिहिलंय

खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीचा विभाग एक काढा. हा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विभाग. अपघातात गाडी पूर्ण न जाता तिचे काही भाग खराब झाले, तर विमा कंपनीची जबाबदारी किती, ते तिथे सांगितलंय. दुरुस्तीचा किंवा भाग बदलण्याचा प्रत्यक्ष आणि वाजवी खर्च, त्यातून ठरलेला घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून धरलेली घट, वजा. दुरुस्त करून द्यायचं, बदलून द्यायचं की रोख रक्कम द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार विमा कंपनीने स्वतःकडे ठेवलाय, हेही तिथेच आहे. गाडीच्या कंपनीचाच पार्ट देऊ, असं वाक्य या मजकुरात नाही. दुसऱ्याच कंपनीचा देऊ, असंही नाही. सगळी ओढाताण 'वाजवी' या एका शब्दाभोवती होते. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर म्हणतो अमुक काच आठ हजारांत येते, तेवढं वाजवी. तुम्ही म्हणता माझ्या गाडीला ती काच चालतच नाही, म्हणून तिचा दर इथे लागू नाही. यातली दुसरी बाजू कागदावर पुराव्यासह मांडली की बहुतेक वेळा काम होतं. नुसतं "मला ओरिजिनलच पाहिजे" म्हटलं की होत नाही.

झिरो डेप, म्हणजे घसारा कापला जाऊ नये म्हणून घेतलेलं जादा कव्हर, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. काचेवर घसारा मुळात शून्यच असतो, साध्या पॉलिसीतसुद्धा. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, फायबरवर ३० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काच या कशातच येत नाही. म्हणजे झिरो डेपमुळे काचेभोवतीच्या बीडिंगचे आणि मोल्डिंगचे पैसे वाचतात, काच कुणाच्या बनावटीची बसेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हिशेब असा पडतो. समजा एस्टिमेटमध्ये काच ३०,००० रुपयांची, मोल्डिंग आणि बीडिंग २,००० चं, सीलंट-प्रायमर १,५०० चं आणि वर लेबर आहे. झिरो डेप नसेल तर मोल्डिंगचे १,००० कापले जातील. सीलंट-प्रायमर हे कन्झ्युमेबल, म्हणजे एकदाच वापरून संपणारं साहित्य धरतात आणि त्याचं वेगळं कव्हर नसेल तर तेही तुमच्या खिशातून. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा हिस्सा, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये. प्रीमियम कमी व्हावा म्हणून स्वेच्छा वजावट घेतली असेल तर ती यावर आणखी. छोट्या गाडीत असे साधारण साडेतीन हजार स्वतःचे जातात. हे पैसे कापले म्हणून चिडू नका, ते पॉलिसीतच आहे. चिडायचं ते ३०,००० च्या जागी ८,००० लिहिले असतील तर.

काचेचा कोपरा वाचा

गाडी वर्कशॉपला देण्याआधी फुटलेल्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या छापील खुणेचा जवळून, स्पष्ट फोटो काढा. त्या छोट्याशा चौकोनात बरंच असतं. गाडीच्या कंपनीचा लोगो, काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक, काच लॅमिनेटेड आहे ही नोंद. पुढची काच लॅमिनेटेडच असते. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असल्याने फुटली तरी ती जागेवर धरून राहते. बाजूच्या काचा टेम्पर्ड, त्या फुटल्या की बारीक दाणे होऊन खाली पडतात.

गाड्यांचे कारखाने काच स्वतः बनवत नाहीत. असाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट अशा कंपन्या ती बनवून देतात. त्यामुळे बाजारात तीन प्रकारची काच भेटते. पहिली, गाडीच्या कंपनीच्या पार्ट नंबरची, तिच्या लोगोसह. दुसरी, काच बनवणाऱ्या नामांकित कंपनीनेच स्वतःच्या नावाने सुट्या बाजारात आणलेली, गाडीचा लोगो नसलेली. तिसरी, जिचा उत्पादक कोण, मानक कोणतं, याचा धड पत्ता लागत नाही ती. तिसरीला सरळ नकार द्यायचा. आयएसआय खूण नसलेली काच वाहनात बसवू देऊ नका, कोणी कितीही स्वस्त दिली तरी.

दुसरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. साधी हॅचबॅक असेल, काचेवर कॅमेरा नाही, रेन सेन्सर नाही, गाडी वॉरंटीबाहेर गेलेली असेल, तर नामांकित उत्पादकाची आयएसआय काच घ्यायला हरकत नाही. तिथे लोगोसाठी महिनाभर गाडी उभी ठेवण्यात अर्थ नसतो. पण काचेवर काहीही यंत्रणा असेल तर पहिल्या प्रकारावर ठाम राहा.

कारण एकाच मॉडेलच्या तीन-तीन, चार-चार वेगळ्या काचा असतात. बेस व्हेरियंटची साधी, मधल्याची रेन सेन्सरची, टॉपची कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसह. काहींच्या मधल्या थरात आवाज शोषणारं प्लॅस्टिक असतं. हेड-अप डिस्प्लेच्या, म्हणजे वेगाचे आकडे काचेवरच दाखवणाऱ्या गाडीत तो थर वर-खाली किंचित वेगळ्या जाडीचा असतो, नाहीतर आकडे दोन-दोन दिसतात. सुट्या बाजारात सहज मिळते ती बहुतेकदा बेसची. बाहेरून बघाल तर माप तेच, वळण तेच. बसवल्यावर कळतं की आतल्या आवाजात फरक पडलाय आणि पाऊस आला तरी वायपर आपोआप फिरत नाही.

एडासच्या, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या कॅमेरा यंत्रणेच्या गाड्यांचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेलाच चिकटून येतो. कॅमेऱ्याच्या रोखात एका अंशाचा फरक पडला तर १०० मीटर पुढे तो पावणेदोन मीटरचा होतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची अर्धी रुंदी. हैदराबाद रोडला रात्री गाडी आपोआप ब्रेक लावते किंवा स्टिअरिंग ओढते ती याच कॅमेऱ्याच्या भरवशावर. इथे दोन-पाच हजारांची काटकसर मला पटत नाही आणि पटणारही नाही.

सर्व्हेअरने लोकल काचेचा दर लावला, तर

सर्वांत जास्त प्रकरणं इथेच अडतात. माढ्याकडच्या एका बागायतदार काकांचं उदाहरण सांगते. गाडी दोन वर्षांची, कॅमेऱ्याची. वर्कशॉपच्या एस्टिमेटवर एकच ओळ होती: "फ्रंट विंडशील्ड, एक नग", पुढे रक्कम. पार्ट नंबर नाही, कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख पुन्हा जुळवण्याचा उल्लेख नाही, फोटो लांबून काढलेले. सर्व्हेअरने बाजारभाव लावून निम्म्याहून कमी रक्कम मंजूर केली. त्याच्यासमोर जो कागद होता त्यावरून कुणीही तेच केलं असतं. काका फोनवर फोन करत होते, आवाज चढत होता, हाती काही लागत नव्हतं.

आम्ही फोन बंद केले. चेसिस नंबर घालून वर्कशॉपच्या सिस्टिममधून काढलेला पार्ट नंबर एस्टिमेटवर घेतला. काच, मोल्डिंग, क्लिपा, सेन्सरचा जेल पॅड, सीलंट, लेबर आणि कॅलिब्रेशन अशा वेगवेगळ्या ओळी पाडल्या. कॅमेऱ्याच्या जागेचा आणि कोपऱ्यातल्या खुणेचा फोटो जोडला. गाडी वॉरंटीत असल्याचा कागद जोडला. आणि विमा कंपनीला, सर्व्हेअरला आणि वर्कशॉपला एकत्र असा मेल पाठवला. हा मजकूर तुम्हीही तसाच वापरू शकता:

"माझ्या गाडीच्या पुढच्या काचेचा हा क्लेम आहे. फुटलेली काच गाडी उत्पादकाच्या खुणेची असून तिचा फोटो जोडला आहे. चेसिस क्रमांकानुसार तिचा पार्ट नंबर एस्टिमेटमध्ये दिला आहे. या काचेवर कॅमेऱ्याचा ब्रॅकेट आणि रेन सेन्सरची जागा आहे. काच बदलल्यावर कॅलिब्रेशन आवश्यक असल्याचं वर्कशॉपचं पत्र सोबत आहे. पॉलिसीच्या विभाग एकनुसार भाग बदलण्याचा प्रत्यक्ष आणि वाजवी खर्च देय आहे. दुसऱ्या काचेच्या दराने मूल्यांकन करायचं असल्यास त्या काचेचा उत्पादक, पार्ट नंबर, ती माझ्या व्हेरियंटला चालते याचा आधार आणि पॉलिसीतलं संबंधित कलम लेखी कळवावं. तोपर्यंत काच बसवू नये असं वर्कशॉपला सांगितलं आहे."

यातली जोरदार बाजू शेवटच्या दोन वाक्यांत आहे. स्वस्त काच या गाडीला चालते, हे लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. उद्या कॅमेरा चुकला तर तो कागद त्यांच्याच अंगावर येईल. काकांचं मंजुरीपत्र सुधारून आलं, कंपनीचीच काच बसली.

सर्व्हेअरशी बोलताना शत्रू असल्यासारखं वागू नका. तो माणूस दिवसभर एस्टिमेटं बघतो आणि त्यातली अनेक फुगवलेली असतात. त्याला त्याच्या रिपोर्टमध्ये लिहायला कारण हवं असतं, ते कारण तुम्ही तयार करून द्या. ५०,००० रुपयांपर्यंतच्या वाहन क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर नेमणं बंधनकारक नाही, त्यामुळे काचेचे बरेच क्लेम विमा कंपनीचा माणूस फोटोंवरूनच बघतो. प्रत्यक्ष गाडी त्याने पाहिलेली नसते. म्हणून फोटो आणि पार्ट नंबर यांनाच सगळं वजन येतं.

मोबाईलवर रक्कम आली आणि 'स्वीकारा' असं बटण आहे

दाबू नका. फोटो टाकले की काही तासांत एक रक्कम आणि एक लिंक येते. रक्कम पाहून हायसं वाटतं. पण ती स्वीकारणं म्हणजे त्या नुकसानीपोटी तेवढ्यावर समाधान मानल्याची संमती असते. आधी वर्कशॉपचं सविस्तर एस्टिमेट हातात घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर त्याच लिंकमध्ये नकार द्या किंवा मेलने कळवा आणि रीतसर तपासणी मागा.

कॅलिब्रेशनचे पैसे नाकारले

कारण दिलं जातं की हे दुरुस्तीत येत नाही, सर्व्हिसिंगमध्ये येतं. एस्टिमेटवर 'चेकिंग' किंवा 'स्कॅनिंग' असं मोघम लिहिलेलं असेल तर असंच होणार. "काच बदलल्यामुळे फ्रंट कॅमेरा कॅलिब्रेशन" अशी स्पष्ट ओळ हवी. गाडीच्या कंपनीच्या दुरुस्ती पद्धतीत ते सांगितलेलं आहे, असं वर्कशॉपने लेटरहेडवर द्यावं. काच फुटली नसती तर हा खर्च आलाच नसता, म्हणजे तो काच बदलण्याचाच भाग आहे. एवढं पुरतं.

"ती काच यायला वेळ लागेल, ही आत्ता बसवतो"

हे सोलापुरात फार होतं. टॉप व्हेरियंटची काच इथल्या शोरूमच्या स्टॉकमध्ये क्वचित असते, पुण्याहून किंवा आणखी लांबून मागवावी लागते. वाट बघणं परवडत असेल तर बघा. काच केव्हा येणार ते वर्कशॉपकडून मेलवर घ्या आणि तो मेल विमा कंपनीला पाठवा, म्हणजे उशीर तुमच्यामुळे झाला असं होत नाही. तडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर मात्र तोवर गाडी हायवेला काढू नका, गावातल्या गावात सावकाश चालवा.

कॅशलेसच्या गॅरेजात, म्हणजे विमा कंपनी जिथे थेट बिल भरते तिथे, तुमच्या गाडीच्या कंपनीची काच मिळतच नसेल तर रीइंबर्समेंटचा मार्ग असतो. अधिकृत शोरूमला काम करायचं, बिल भरायचं, पैसे नंतर मागायचे. त्यातही आधी विमा कंपनीला कळवून तपासणी करून घ्यायलाच हवी. काच आधी बदलली आणि मग क्लेम टाकला, तर तपासायला काही उरतच नाही आणि क्लेम तिथेच संपतो. जुनी काच वर्कशॉपला लगेच फेकू देऊ नका. आणि एक बघा: काही पॉलिसींमध्ये प्रीमियमच्या सवलतीच्या बदल्यात ठरावीक गॅरेजांचीच अट असते, बाहेर गेलं तर जादा वजावट लागते. नूतनीकरणाच्या वेळी घाईत हे निसटतं.

खडा लागला नाही, तडा आपोआप गेला

इथे क्लेम खरंच कमकुवत होतो, हे स्वीकारावं लागेल. पॉलिसी अपघाती, बाहेरून झालेल्या नुकसानीची आहे, झीज आणि जुनेपणा तिच्यात येत नाही. तड्याची सुरुवात कुठून झाली ते बघतात. आघाताचा बिंदू असेल, नखाला खळगा लागत असेल, तर त्याचा जवळचा फोटो काढा. तो बिंदू नसेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमकडे काचेतला दोष म्हणून दाखवा. पॉलिसी मधेच खंडित होऊन पुन्हा घेतली असेल तर तेव्हाच्या तपासणीच्या फोटोंत ती खूण आधीच दिसते का, हेही तपासलं जातं.

म्हणूनच खडा लागला त्याच दिवशी फोटो काढून विमा कंपनीला कळवणं बरं. खुणेवर पारदर्शक टेप लावा, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ पर्यंत जातो, तेव्हा तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडायचा नाही. खूण नाण्याएवढी किंवा लहान, कडेपासून लांब आणि ड्रायव्हरच्या नजरेबाहेर असेल तर रेझिन भरून दुरुस्ती होते. मग मूळ काच तशीच राहते आणि हा सगळा खटाटोपच वाचतो. खड्याने काच फुटली तर सहसा पोलिसांकडे जावं लागत नाही, कुणी मुद्दाम फोडली असेल तर मात्र तक्रारीची प्रत लागते.

क्लेम करावा का, याचं गणित आधी मांडा

हे मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवते. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. टप्पे आहेत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. समजा आज तुम्हाला ३५ टक्के मिळतायत. क्लेम केला नाही तर पुढच्या पाच वर्षांत मिळतील ४५, ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दरवर्षीचा फरक धरला तर ४५, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२० टक्के. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ८,००० असेल आणि तो तेवढाच राहिला तर हे ९,६०० रुपये होतात. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी, जीएसटीमुळे थोडे जास्त. त्यात सक्तीची वजावट मिळवा.

आता बघा. काच सात-आठ हजारांची असेल तर क्लेम न करता स्वतःच्या पैशाने कंपनीची काच घेणं स्वस्त पडतं आणि कुणाच्या मंजुरीची वाटही बघावी लागत नाही. तीस-चाळीस हजारांची असेल तर बेलाशक क्लेम करा. एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्टचं कव्हर असेल तर त्याच्या अटी वाचा, काही कंपन्या फक्त काचेच्या क्लेमला बोनस धक्का न लावता मान्य करतात. झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात तेही बघा, काचेत एक वाया गेला तर पुढच्या मोठ्या अपघाताला कमी पडतो.

काच बसवताना समोर थांबा

नवी काच खोक्यातून काढतील तेव्हा खोक्यावरचं लेबल, पार्ट नंबर आणि कोपऱ्यातली खूण यांचा फोटो घ्या. मंजुरीपत्रातल्या नंबरशी जुळत नसेल तर तिथेच थांबवा. सगळा डाव इथे उलटू शकतो: मंजुरी कंपनीच्या काचेची, बिल कंपनीच्या काचेचं आणि बसते दुसरीच. हे विमा कंपनीचं नाही, वर्कशॉपचं काम. अंतिम बिलावरही तोच नंबर यायला हवा.

युरेथेनचं सीलंट हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, नुसत्या उष्णतेने नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात "ऊन आहे, लगेच वाळेल" असं म्हणून गाडी हातात दिली तर घेऊ नका. सीलंटच्या उत्पादकाने जेवढा वेळ सांगितलाय तेवढा थांबा. एअरबॅग उघडताना तिला आणि गाडी उलटली तर छताला काच आधार देते, ती नीट धरलेली हवी. मग होजने पाणी मारून आत झिरपतंय का बघा, काचेतून एखाद्या विजेच्या खांबाकडे बघत डोकं हलवा आणि खांब वाकल्यासारखा दिसत नाही ना ते पाहा. वायपर ऑटोवर टाकून थेंब मारा. डॅशबोर्डवर कॅमेऱ्याची खूण पेटलेली नको. कॅलिब्रेशनची प्रिंट मागून घ्या.

चुकीची काच आधीच बसली असेल, किंवा नकार ठाम असेल

मंजुरीपत्रात कंपनीची काच होती आणि बसली दुसरी, तर वर्कशॉपला लेखी द्या आणि विमा कंपनीला त्याची प्रत. हे लवकर सुटतं, कारण त्यांनी नसलेल्या मालाचे पैसे घेतलेत. मंजुरीच स्वस्त काचेची होती आणि तुम्ही गाडी ताब्यात घेतली, तर मात्र अवघड. तरीही कॅमेरा नीट चालत नसेल, काचेतून वाकडं दिसत असेल, तर तो दोष नोंदवून काम पुन्हा करून मागता येतं. पुन्हा पैसे कोण देणार, यावरच मग वाद चालतो.

पायऱ्या अशा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, सोबत सर्व्हे रिपोर्टची प्रत. ती तुम्ही मागू शकता, मागाच. सर्व्हेअर नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय यायला हवा, असं २०२४ च्या परिपत्रकात नियामकाने घालून दिलंय. मेलमध्ये त्याचा उल्लेख करा. जोडीला विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतो. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभराच्या आत जायला हवं. तिथे तुमच्या संतापाला किंमत नाही, कागदांना आहे: पॉलिसीचा विभाग एक, दोन्ही काचांच्या कोपऱ्यांचे फोटो, चेसिसवरून काढलेला पार्ट नंबर, तुमचा मेल आणि त्याला आलेलं किंवा न आलेलं उत्तर. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, तो इथे सोलापुरातच आहे. त्याला वेळ लागतो. काचेच्या रकमेसाठी मी लोकपालच सुचवते.

आणि काच काढताना त्यावरचा फास्टॅग फाटतो, तो दुसऱ्या काचेवर लावता येत नाही. टॅग दिलेल्या बँकेकडून बदली टॅग आधीच मागवा, शिल्लक त्याच्याशी जोडून घ्या. नाहीतर नवी काच घेऊन पहिल्यांदा पुण्याला निघाल आणि सावळेश्वरच्या नाक्यावर यूपीआयने सव्वापट टोल भराल. हे पैसे कुठल्याच क्लेममध्ये मिळत नाहीत.